आरोग्याच्या ऑनलाइन नोंदी घरच्यांना आणि सांभाळणाऱ्यांना कशा दाखवाव्यात

घरातल्या आजारपणाची कागदपत्रे एकाच फाईलमध्ये राहण्याचे दिवस आता संपले आहेत. रक्ततपासणीचा अहवाल लॅब व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, एमआरआयच्या चित्रांची लिंक एसएमएसने येते, मोठ्या रुग्णालयाचे स्वतःचे अ‍ॅप असते, सरकारी रुग्णालयात केसपेपर काढताना आभा क्रमांक (आरोग्याच्या ऑनलाइन नोंदींसाठीचा सरकारी ओळख क्रमांक) विचारला जातो, आणि डिस्चार्ज कार्ड मात्र अजूनही औषधांच्या दुकानातून मिळालेल्या पिशवीत घडी घालून ठेवलेले असते. ही माहिती रुग्णाखेरीज इतरांनाही लागते: डॉक्टरकडे बरोबर जाणाऱ्या मुलीला, परदेशी असलेल्या मुलाला, माणसे पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत रुग्णाला सांभाळायला येणाऱ्या मावशींना, कधी अडीअडचणीला धावून येणाऱ्या शेजाऱ्यांना. बहुतेक घरांनी यावर एकच तोडगा काढलेला आहे, तो म्हणजे ज्याला जे पाहायचे असेल त्याने आईबाबांना फोन करून ओटीपी विचारायचा. हा तोडगा सोपा आहे, पण धोक्याचा आहे. त्याऐवजी ज्याचे जेवढे काम तेवढीच नोंद त्याच्यापर्यंत पोहोचेल, आणि ती पोहोचवण्याचा निर्णय रुग्णाच्याच हातात राहील, अशी व्यवस्था कशी लावावी, हे पुढे सांगितले आहे.

ओटीपी का सांगू नये

ओटीपी मिळाला की समोरच्याला एखादाच अहवाल दिसतो असे नाही. रुग्णाच्या नावाने जे जे करता येते ते सगळे त्याला करता येते. जुन्या नोंदी उघडता येतात, त्या इतरांना पाहू देण्याची संमती देता येते, खात्याची माहितीही बदलता येते. शिवाय आभासाठीचा ओटीपी पुष्कळदा आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो आणि बँकेचे ओटीपीही त्याच मोबाइलवर येत असतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला फोनवर ओटीपी वाचून दाखवण्याची सवय घरच्यांनीच लावली, तर उद्या ‘लॅबमधून बोलतोय, रिपोर्ट तयार आहे, आत्ता आलेला नंबर सांगा’ असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसालाही तो तितक्याच सहजपणे सांगितला जाईल. असे होऊन पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुसरा तोटा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. रुग्णाच्या खात्यातून कोणीही काहीही केले तरी यंत्रणेच्या दृष्टीने ते रुग्णानेच केलेले असते. एखादी संमती कोणी दिली, एखादा अहवाल कोणी पुढे पाठवला, यावरून घरात पुढे वाद झाला तर त्याचा माग काढता येत नाही.

आधी रुग्णाशी बोलावे

तांत्रिक गोष्टींकडे वळण्यापूर्वी रुग्णाला शांतपणे विचारावे की कोणाला काय दाखवायचे आहे. हे बोलणे बहुतेक घरांत होतच नाही, कारण ‘आईची माहिती मुलांपासून लपवायची कशाला’ असे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. वास्तविक आईला साखरेचे आकडे मुलाने पाहिलेले चालतात, पण वीस वर्षांपूर्वीच्या नैराश्याच्या उपचारांची कागदपत्रे सुनेच्या हाती पडू नयेत असे वाटत असते; वडिलांना प्रोस्टेटचे अहवाल मुलीने पाहणे अवघड वाटते, मुलाने पाहिले तर चालते. अशा इच्छेचे कारण विचारण्याची गरज नाही. ती इच्छा कागदावर लिहून ठेवावी.

उदाहरण म्हणून एक घर डोळ्यांपुढे आणावे. नाशिकला राहणाऱ्या आजींना मधुमेह आणि रक्तदाब आहे, हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि त्यासाठी ठरावीक दिवसांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासावा लागतो. मुलगी पुण्याहून येऊन त्यांना डॉक्टरांकडे नेते, मुलगा परदेशात आहे आणि दिवसभर घरात ब्युरोच्या मावशी असतात. मुलीला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आयएनआरचे मागचे सगळे आकडे, डिस्चार्ज कार्ड आणि मेडिक्लेमची कागदपत्रे लागतील. मुलाला ताजा अहवाल आणि डॉक्टर काय म्हणाले याचे दोन ओळींचे टिपण पुरते. आठ वर्षांपूर्वीची सोनोग्राफी त्याला पाहायची असेल तर ती मागता येईल. मावशींना आजची औषधे, कशाची अ‍ॅलर्जी आहे ते, साखर किती खाली गेली तर काय द्यायचे ते, आणि फोन कोणाला करायचा ते कळले पाहिजे. त्यांना आभा क्रमांक, आधार क्रमांक किंवा विम्याची पॉलिसी लागत नाही. या तिघांसाठी मार्गही तीन वेगवेगळे आहेत.

नोंदणी खिडकीवर दिलेला मोबाइल क्रमांक

सगळ्या व्यवस्थेचे मूळ रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर आहे. तेथे बसलेली व्यक्ती नाव, वय, पत्ता विचारते आणि मान वर न करता ‘मोबाइल नंबर?’ म्हणते. रांगेत पुढे उभा असलेला माणूस स्वतःचा क्रमांक सांगून मोकळा होतो. बायकोसाठी नवऱ्याचा, सासूसाठी जावयाचा, आईसाठी मुलाचा. त्यानंतर त्या रुग्णाचा प्रत्येक अहवाल, प्रत्येक लिंक आणि पुढच्या तारखेची प्रत्येक सूचना त्या दुसऱ्या माणसाकडे जाते, आणि रुग्णाला मात्र ‘रिपोर्ट आला का’ असे विचारत बसावे लागते. स्त्रियांच्या बाबतीत हे फार घडते. वंध्यत्वाच्या तपासण्या असोत की गर्भपिशवीच्या, अहवाल पहिल्यांदा नवऱ्याच्या फोनवर आणि मग सासूच्या हाती, अशी वाट कोणी जाणूनबुजून आखलेली नसते, ती त्या खिडकीवर एका क्षणात पडलेली असते.

म्हणून पहिले काम हे करावे की आजवर ज्या ज्या रुग्णालयांत आणि लॅबमध्ये नाव नोंदले आहे, तेथे जाऊन किंवा फोन करून रुग्णाचा स्वतःचा क्रमांक मुख्य म्हणून लावून घ्यावा आणि घरच्यांचा क्रमांक ‘आपत्कालीन संपर्क’ म्हणून द्यावा. रुग्णाकडे साधा बटणांचा फोन असला तरी चालेल, एसएमएस त्यावरही येतो. आभाच्या दृष्टीनेही हे आवश्यक आहे, कारण रुग्णालयातील जुनी नोंद आभाशी जोडताना नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल क्रमांक यांची सांगड घातली जाते; रुग्णालयात मुलाचा क्रमांक आणि आभामध्ये आईचा, असे असेल तर नोंद सापडण्यात अडचण येते. आधारला जोडलेला क्रमांक बंद पडला असेल तर आधार केंद्रात जाऊन तो आधी बदलून घ्यावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले तर पुढचे सगळे अडते.

आभातून काय दाखवता येते

आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनखाली हा १४ अंकी क्रमांक मिळतो, आणि हे मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाले. क्रमांक विनामूल्य आहे आणि काढणे ऐच्छिक आहे. क्रमांकाबरोबर यूपीआयच्या पत्त्यासारखा दिसणारा एक आभा पत्ताही असतो. अनेकांचा गोंधळ होतो म्हणून येथेच सांगितलेले बरे: पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी मिळणारे आयुष्मान कार्ड वेगळे आणि आभा वेगळे. आभा असले म्हणून मोफत उपचार मिळत नाहीत, आणि नसले म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

या रचनेत नोंदी कोठे तरी एका मोठ्या सरकारी कोठारात साठवलेल्या नसतात. त्या त्या रुग्णालयाच्या किंवा लॅबच्या संगणकावर त्या राहतात आणि रुग्णाने संमती दिली की मागणाऱ्यापर्यंत पोहोचतात. संमतीची विनंती आली की चार गोष्टी नीट वाचाव्यात: नोंदी कशासाठी हव्या आहेत, कोणत्या प्रकारच्या हव्या आहेत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या हव्या आहेत, आणि ही परवानगी कधी संपणार आहे. विनंती आली तशीच्या तशी मान्य करण्याचे बंधन नाही. कालावधी कमी करता येतो, नको असलेले प्रकार वगळता येतात, विनंती नाकारता येते आणि दिलेली संमती नंतर मागेही घेता येते. हृदयाच्या डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठ्या, तपासणी अहवाल आणि डिस्चार्ज सारांश मागितला आणि कालावधी दहा वर्षांचा लिहिला, तर शेवटची दोन वर्षे पुरतील का असे त्यांना विचारण्यात काहीही गैर नाही.

मात्र ही रचना मुळात रुग्ण आणि उपचार करणारे यांच्यासाठी बांधलेली आहे, आणि घरच्यांना दाखवण्यासाठी ती अपुरी पडते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. संमती मागणारा डॉक्टर असतो, रुग्णालय असते. पुण्याची मुलगी स्वतःच्या नावाने नाशिकच्या आईकडे संमती मागते अशी सोय या कल्पनेच्या केंद्रस्थानी नाही. काही खाजगी आरोग्य-नोंदींच्या अ‍ॅपमध्ये आणि अनेक रुग्णालयांच्या अ‍ॅपमध्ये कुटुंबातील व्यक्तीचे प्रोफाइल जोडता येते. ती सोय असेल तर अवश्य वापरावी, फक्त जोडणी रुग्णासमोर बसून, त्याच्या फोनवर आलेला ओटीपी त्यालाच टाकायला सांगून करावी, आणि ती काढायची कशी हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.

ओपीडीत भिंतीवर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घेण्याची पद्धत आता बऱ्याच सरकारी रुग्णालयांत आहे. त्यातून नाव, वय, लिंग, पत्ता असा ओळखीचा तपशील खिडकीवर जातो. आजारांच्या नोंदी त्याने उघड होत नाहीत. त्यामुळे रांग टाळण्यासाठी तो स्कॅन करताना घाबरण्याचे कारण नाही.

घरच्यांसाठी फोल्डर

परदेशातला मुलगा आणि पुण्यातली मुलगी यांच्यासाठी सगळ्यांत भरवशाचा मार्ग त्यामानाने साधा आहे. रुग्णाच्या स्वतःच्या गूगल खात्यात, म्हणजेच त्याच्या ड्राइव्हवर, एक फोल्डर करावे आणि ते मुलांच्या ई-मेल पत्त्यांवर शेअर करावे. फोल्डर रुग्णाच्या खात्यात असावे याचा आग्रह धरावा, कारण ज्याच्या खात्यात फोल्डर आहे त्याच्या हातात ते कोणी पाहायचे याचा निर्णय राहतो. मुलाच्या खात्यात आईची कागदपत्रे ठेवली की मालकी नकळत उलटी होते.

शेअर करताना ‘रिस्ट्रिक्टेड’ हा पर्याय राहू द्यावा. ‘एनीवन विथ द लिंक’ निवडले तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सगळे दिसेल, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पडलेली लिंक कुठवर जाईल याचा नेम नाही. जो कागदपत्रे टाकणार आहे, आपल्या उदाहरणात मुलगी, तिला ‘एडिटर’ करावे. मुलाला ‘व्ह्यूअर’ पुरते. फाईलच्या नावात तारीख आधी लिहावी, वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, आणि मग कागद कसला ते: ‘२०२५-०३-१४ आयएनआर’, ‘२०२५-०३-१६ हृदयरोग चिठ्ठी’. असे केले की फोल्डर आपोआप काळानुसार लागते आणि ऐनवेळी ‘आयएमजी’ने सुरू होणाऱ्या दोनशे फोटोंतून शोधाशोध करावी लागत नाही. जे दाखवायचे नाही त्यासाठी दुसरे फोल्डर करावे आणि ते कोणालाच शेअर करू नये. शेअर केलेल्या मोठ्या फोल्डरमध्ये ठेवून एखादी फाईल लपवता येईल अशी आशा धरू नये.

लॅबमधून येणाऱ्या पीडीएफला पासवर्ड असेल तर तो बहुधा जन्मवर्ष, मोबाइल क्रमांकाचे शेवटचे अंक असा सहज ओळखता येणारा असतो. तेवढ्यावर विसंबून अहवाल नातेवाइकांच्या चाळीस जणांच्या गटात टाकू नये. काकांनी प्रेमाने विचारले तरी ‘बरं आहे, साखर आटोक्यात आहे’ एवढे उत्तर पुरेसे असते.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे, पण टाळता येत नाही. आईबाबांच्या फोनवरचे व्हॉट्सअ‍ॅप आपल्या संगणकाला जोडून अहवाल परस्पर पाहण्याची युक्ती अनेक मुले वापरतात. त्यात अहवालांबरोबर आईने आपल्या बहिणीला लिहिलेले सगळे काही दिसते. पालकांनी आपल्या फोनवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडून तेथे कोणकोणती उपकरणे दिसतात ते पाहावे आणि अनोळखी असेल ते काढून टाकावे. मुलांनी स्वतःहून काढले तर अधिक चांगले.

रुग्णालयासाठी अधिकारपत्र

कागदपत्रे रुग्णालयातून मिळवण्याचा हक्क नियमातच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या सोबतच्या व्यक्तीने नोंदी मागितल्या तर डॉक्टरांनी त्या ७२ तासांच्या आत द्यायच्या असतात, आणि भरती झालेल्या रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायच्या असतात. ही तीन वर्षांची मुदत लक्षात ठेवून जुन्या शस्त्रक्रियेचे कागद वेळीच मागून घ्यावेत. ‘अधिकार दिलेली व्यक्ती’ हे सिद्ध करण्यासाठी तोंडी सांगणे पुरत नाही, म्हणून रुग्ण धडधाकट असतानाच एक पत्र लिहून त्याच्या दोन-तीन सही केलेल्या प्रती मुलीकडे ठेवाव्यात. मजकूर असा करता येईल:

‘मी, (पूर्ण नाव), वय (…), रुग्ण नोंदणी क्रमांक (…), असे लिहून देते की आपल्या रुग्णालयात झालेल्या माझ्या उपचारांच्या नोंदी, तपासणी अहवाल व डिस्चार्ज सारांश पाहण्याचा, त्यांच्या कागदी वा डिजिटल प्रती घेण्याचा आणि त्यांविषयी डॉक्टरांशी बोलण्याचा अधिकार मी माझी मुलगी (पूर्ण नाव) हिला देत आहे. मानसोपचारासंबंधीच्या नोंदी या अधिकारात समाविष्ट नाहीत. हा अधिकार दि. (…) पर्यंत राहील. मी तो कधीही लेखी कळवून मागे घेऊ शकते.’

खाली रुग्णाची सही किंवा अंगठा, तारीख, आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. मुदत एक वर्षाची ठेवावी आणि दरवर्षी नवे पत्र करावे. बेमुदत पत्र पुढे कोणाच्या हाती कसे वापरले जाईल ते सांगता येत नाही. मानसोपचाराचे वाक्य ज्याच्या त्याच्या इच्छेनुसार ठेवावे किंवा काढावे. एचआयव्हीसंबंधीची माहिती मात्र या पत्रातून गृहीत धरता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती उघड करण्यासाठी त्या व्यक्तीची स्वतंत्र, समजून दिलेली संमती लागते.

मेडिक्लेमचा एक आडमार्ग येथे सांगितला पाहिजे. मुलाच्या नोकरीतून मिळालेल्या सामूहिक पॉलिसीत आईवडिलांची नावे असतील, तर दाव्याचा पत्रव्यवहार बहुधा मुलाच्या ई-मेलवर होतो आणि त्यात निदान लिहिलेले असते. एखादा आजार मुलांना आपण स्वतः, आपल्या वेळी सांगायचा असे आईने ठरवले असेल, तर कॅशलेसचा अर्ज भरण्याआधी तिला याची कल्पना द्यावी.

मावशींसाठी एक पान

ब्युरोमार्फत येणाऱ्या मावशी किंवा मामा यांना कोणतेही अ‍ॅप किंवा पासवर्ड देऊ नये. त्यांच्यावर अविश्वास आहे म्हणून नव्हे. त्यांचे काम एका कागदावर भागते, ब्युरो माणूस कधी बदलेल ते सांगता येत नाही, आणि पुढे कोठे काही बिनसले तर त्यांच्यावर विनाकारण संशय येऊ नये, हेही महत्त्वाचे आहे. औषधांच्या डब्याजवळ एक पान चिकटवावे. त्यावर सगळ्यांत वर, ठळक, पान केव्हा लिहिले ती तारीख असावी, कारण जुन्या डोसाचे पान भिंतीवर राहणे हा कागद नसण्याहून मोठा धोका आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस आयएनआरप्रमाणे बदलत असतो, तेव्हा प्रत्येक बदलानंतर जुने पान फाडून टाकावे, त्यावर खाडाखोड करू नये.

पानावर औषधांचे नाव मराठी अक्षरांत, पण गोळीच्या पाकिटावर असते तेच लिहावे आणि वेळ जेवणाशी जोडून सांगावी: ‘सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी’, ‘रात्री जेवणानंतर’. अ‍ॅलर्जी लाल शाईने लिहावी. ‘घाम, थरथर, बोलताना अडखळणे दिसले तर आधी ग्लुकोमीटरने साखर पाहा’ आणि त्यापुढे डॉक्टरांनी सांगितले असेल ते, अशा दोन-तीनच सूचना असाव्यात. शेवटी मुलीचा, शेजाऱ्यांचा आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक. मावशींनी मोजलेला रक्तदाब आणि साखर लिहिण्यासाठी वही ठेवावी. मुलगी संध्याकाळी त्या पानाचा फोटो मागवून फोल्डरमध्ये टाकेल. माहिती मावशींकडून घरच्यांकडे येते आणि जुनी फाईल मात्र त्यांच्याकडे जात नाही, अशी ही व्यवस्था आहे.

रुग्णाच्या फोनवरही एक सोय असते. अँड्रॉइडमध्ये आपत्कालीन माहिती आणि आयफोनमध्ये ‘मेडिकल आयडी’ भरून ठेवली की फोनला कुलूप असतानाही रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे आणि जवळच्या माणसाचा क्रमांक दिसू शकतो. रस्त्यात चक्कर येऊन पडलेल्या माणसाच्या बाबतीत तेवढे फार उपयोगी पडते.

डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना

२५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी सांभाळणाऱ्या व्यक्तीची भूमिका बरीच स्पष्ट केली आहे. कुटुंबातील कोणीही किंवा रुग्णाने अधिकार दिलेली कोणतीही व्यक्ती काळजीवाहक म्हणून डॉक्टरांशी बोलू शकते. रुग्ण समोर बसलेला असेल तर प्रश्नच नाही. रुग्ण उपस्थित नसेल, तर तो अठरा वर्षांखालील मुलगा किंवा मुलगी आहे, डिमेन्शियासारख्या (स्मृतिभ्रंशाच्या) कारणाने असमर्थ आहे, काळजीवाहकाकडे लेखी अधिकार किंवा नाते दाखवणारा कागद आहे, किंवा रुग्णाने पूर्वीच्या प्रत्यक्ष भेटीत त्याची ओळख करून दिलेली आहे, यांपैकी काहीतरी असावे लागते. म्हणून पुढच्या वेळी आईला डॉक्टरांकडे नेले की तिलाच सांगायला लावावे, ‘डॉक्टर, माझ्याबद्दल हिच्याशी बोललेलं चालेल’, आणि ते केसपेपरवर लिहून घ्यावे. वर दिलेले अधिकारपत्र येथेही उपयोगी येते.

रुग्ण स्वतः निर्णय घेऊ शकणार नाही तेव्हा

येथे बहुतेक घरांचा समज चुकीचा असतो. वडिलांनी मुलाला कुलमुखत्यारपत्र करून दिले की सगळे मिटले, असे मानले जाते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याचे मानसिक संतुलन ढळले की मुखत्यारीच संपते, म्हणजे ज्या वेळी तिची गरज पडते नेमकी त्याच वेळी ती हातून जाते. त्यामुळे केवळ त्या कागदावर भिस्त ठेवू नये आणि खालील गोष्टी रुग्णाची समज शाबूत असतानाच करून ठेवाव्यात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार कोणीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. त्यासाठी मुद्रांक किंवा वकील लागत नाही. मानसिक आजाराच्या उपचारांत या प्रतिनिधीला त्याचे कर्तव्य पार पाडण्यापुरती माहिती मिळते. डिमेन्शियाची पहिली लक्षणे दिसू लागली की हे पत्र करण्यात दिरंगाई करू नये.

दुसरा कागद म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे बरे होण्याची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली; आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घेतले की पुरते. आपल्या वतीने कोणी बोलायचे ते त्यात नावानिशी लिहायचे असते, आणि ते डिजिटल आरोग्य नोंदीत जोडण्याची मुभाही न्यायालयाने दिली आहे. महाराष्ट्रात अशी इच्छापत्रे स्वीकारण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांत अधिकारी नेमलेले आहेत, म्हणून आपल्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत चौकशी करावी.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये मृत्यूनंतर किंवा असमर्थ झाल्यावर आपले हक्क बजावण्यासाठी कोणाला तरी नामनिर्देशित करण्याचा हक्क दिलेला आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. आपण वापरत असलेल्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये नामनिर्देशनाची सोय दिसू लागली की ती लगेच भरावी. यांतले काहीच केलेले नसताना रुग्ण कोमात गेला, तर पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जाण्याची वेळ येते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी मात्र राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो आणि ते पत्र रुग्णालयात चालते.

मुलांच्या नोंदी

अठरा वर्षांखालील मुलांच्या वतीने पालकच संमती देतात, त्यामुळे लसीकरणाच्या आणि इतर नोंदी पालकांच्या फोनवर असणे स्वाभाविक आहे. तरीही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला तिचे अहवाल स्वतः वाचू द्यावेत आणि डॉक्टरांशी काही वेळ एकटीला बोलू द्यावे. अठरावा वाढदिवस झाला की नोंदणीतला मोबाइल क्रमांक तिचा करावा आणि आपली जोडणी काढावी. पुन्हा जोडायची की नाही हे तिने ठरवायचे.

दिलेला प्रवेश काढून घेणे

देण्यापेक्षा काढून घेण्याचा कंटाळा जास्त केला जातो. मावशी बदलल्या, रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले, जाऊबाई वेगळ्या राहू लागल्या, नवरा-बायकोत फारकत झाली, जुना फोन विकला किंवा नातवाला दिला, यांपैकी काहीही घडले की त्याच आठवड्यात फोल्डरची शेअरिंग यादी, रुग्णालयाच्या अ‍ॅपमधली जोडलेली प्रोफाइले, आभातल्या चालू संमती आणि व्हॉट्सअ‍ॅपचे लिंक्ड डिव्हायसेस पाहून घ्यावेत. औषधांच्या वेळा सांगण्यासाठी केलेल्या गटातून जुन्या मावशींना काढताना त्यांना आधी फोन करून तसे सांगावे, एवढी माणुसकी ठेवावी. फोन देण्यापूर्वी त्यातली सगळी माहिती पुसावी, नुसते सिमकार्ड काढून भागत नाही.

घरातल्या एखाद्या स्त्रीला आपले अहवाल दुसऱ्याने पाहू नयेत असे वाटत असेल आणि उघड नकार देणे तिला शक्य नसेल, तर तिने तपासणीच्या वेळी लॅबला अहवाल मोबाइलवर न पाठवता छापील स्वरूपात हातात द्या असे सांगावे, आणि डॉक्टरांना एकांतात तशी कल्पना द्यावी. नोंदणीचा क्रमांक बदलला की जुन्या क्रमांकावर सूचना जाऊ शकते, म्हणून तिच्या बाबतीत ते घाईने करू नये.

गूगल खात्याच्या ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये, खाते काही महिने वापरले गेले नाही तर त्यातली माहिती कोणाला द्यायची ते आधीच ठरवता येते. आरोग्याचे फोल्डर ज्या खात्यात आहे त्यासाठी ते भरून ठेवावे, म्हणजे विम्याचा शेवटचा दावा किंवा मृत्यूचे कारण लिहिलेला कागद शोधताना मुलांना आईच्या फोनचा पॅटर्न आठवत बसावे लागणार नाही.